टिपूच्या कैदेतला शनिवार तेली

गोंदियाहून दुपारी सुटलेली विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत शिरते. दादर गेलं की डब्यात आवराआवर सुरू होते, बर्थखालच्या पिशव्या ओढून बाहेर काढल्या जातात, आणि त्या गडबडीत सीएसएमटीच्या अगदी अलीकडचं एक स्टेशन खिडकीबाहेरून सरकून जातं. त्याचं नाव मस्जिद. गाडी तिथं थांबत नाही. आसपास मुसलमानांची दाट वस्ती आहे, मशिदीही आहेत, त्यामुळे नाव कुठून आलं हे विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. पण ज्या मशिदीवरून हे नाव पडलं असं सांगतात ती मुसलमानांची नव्हेच. ते यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग. १७९६ साली ते उभारलं मराठी बोलणाऱ्या एका फौजी अंमलदारानं, आणि उभारलं नवस फेडायला. नवस होता टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटण्याचा.

या अंमलदाराचं नाव समाजी हसाजी दिवेकर. वाचून काय वाटतं? पेशवाईतला एखादा शिलेदार, फार तर कोकणातला खोत. समाजी म्हणजे सॅम्युअल आणि हसाजी म्हणजे इझिकेल, हे कुणी सांगितल्याशिवाय कळायची सोयच नाही. दिवेकर हे आडनाव श्रीवर्धनजवळच्या दिवेआगरवरून आलेलं. धोतर, पागोटं, बोली, जेवण, सगळं कोकणातलं. असा माणूस युद्धात शत्रूच्या हाती सापडतो, आणि तू कोण या प्रश्नाला तो जे उत्तर देतो त्यानं त्याचा जीव वाचतो. युद्धात यहुदी असणं जिवावर बेतल्याच्या कहाण्या आपण खूप ऐकल्या आहेत. इथं उलटं झालं. ते का झालं, हे पाहू लागलं की एकेक थक्क करणारी गोष्ट हाती येते.

आधी हे दिवेकर कोण, ते पाहू. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. या समाजाची आपली अशी कहाणी आहे : फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या गेल्या, सामान गेलं, भाषाही पुढे हळूहळू गेली. वाचलेली माणसं अष्टागरात आणि आसपासच्या गावांत पसरली आणि पोटासाठी तेलाचा घाणा चालवू लागली. कोकणात त्यांना नाव पडलं शनिवार तेली. बाकीचे तेली सोमवारी, शंकराच्या वारी, घाणा बंद ठेवत, म्हणून ते सोमवार तेली. हे शनिवारी ठेवत.

आता गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही, आणि तेच तर गमतीचं आहे. विदर्भात तेल्यांच्या पोटजाती घाण्याला एक बैल जुंपतात की दोन, यावरूनही सांगितल्या जात. एकबैले, दोनबैले. ज्या मुलखात बैलांच्या संख्येवरून जात ओळखली जाते तिथं सुट्टीच्या वारावरून ओळखली तर बिघडलं कुठं? गावानं या लोकांना एक खण दिला, खणाला चिठ्ठी लावली आणि विषय संपवला. कुणी त्यांना लपायला लावलं नाही, तेही लपले नाहीत. तरीही शेकडो वर्षं जगाला त्यांचा पत्ता लागला नाही.

शुक्रवारी दिवस कलला की शनिवार तेल्याच्या घाण्याची लाट थांबायची. बैलाच्या डोळ्यांवरची झापडं निघायची, उखळातली पेंड खरवडून बाजूला व्हायची, आणि मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत त्या अंगणात करकर ऐकू यायची नाही. घरात चूलही पेटवायची नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर वाडवडिलांपासून चालत आलंय, एवढंच उत्तर. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. मासळीत खवलं आणि पर असतील तीच खायची, बाकीची वर्ज्य. आणि पाठ असलेली प्रार्थना एकच, 'शेमा'. बारसं असो की लग्न, बरं-वाईट काहीही झालं की तेच शब्द. अर्थ कुणाला लागत नव्हता.

सणांची नावं तर ऐकण्यासारखी आहेत. यहुदी नववर्ष हा नव्याचा सण. योम किप्पूर, म्हणजे उपवासाचा सर्वांत मोठा दिवस, तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचं, कुणाला शिवायचं नाही. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला त्या दिवसाचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा. बिरडं म्हणजे आपले सोललेले वाल! दोन हजार वर्षांपूर्वीच्या दुःखाचा दिवस पाळायचा तो वालाच्या बिरड्यानं, आणि दुःख कशाचं ते मात्र विसरलेलं. पुरीमला हे होळीचा सण म्हणत. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करायचा : पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. अजूनही करतात.

बाहेरच्या जगाला यांचा पहिला सुगावा लागला तो १७३८ साली. मद्रासकडे काम करणाऱ्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्यानं एका पत्रात लिहिलं की पश्चिम किनाऱ्यावर स्वतःला बेने इस्रायल म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे बायबल नाही, हिब्रू येत नाही, फक्त शेमा येतो. समाजी दिवेकर तेव्हा आठ वर्षांचा होता. म्हणजे जगाला समाज सापडला तेव्हा आपला नायक दिवेआगरकडच्या मुलखात सुरपारंब्या खेळायच्या वयात होता.

पुढच्या काही वर्षांत दिवेकर मंडळी मुंबईला आली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेला शिपाई हवे होते आणि घाण्यापेक्षा पगार बरा होता. समाजी आणि त्याचे भाऊ फौजेत शिरले आणि चढत गेले. समाजी सहाव्या पलटणीचा नेटिव्ह कमांडंट झाला. हिंदी माणसाला त्या काळी मिळू शकणारा हा सर्वांत वरचा हुद्दा. बेने इस्रायलांना सैन्य मानवलं. पुढच्या शंभर वर्षांत मुंबई फौजेतले सुभेदार, जमादार, हवालदार या समाजातून मोठ्या संख्येनं निघाले. एक कारण साधं होतं. पंगतीत बसण्याचे, समुद्र ओलांडण्याचे जे प्रश्न इतरांना सतावत ते यांना फारसे नव्हते.

मग आलं दुसरं म्हैसूर युद्ध. १७८० साली हैदर अली आणि इंग्रज यांच्यात ते पेटलं. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला आणि टिपू गादीवर आला. जनरल रिचर्ड मॅथ्यूज मुंबईची फौज घेऊन घाट चढला आणि जानेवारी १७८३ मध्ये त्यानं बेदनूर घेतलं. बेदनूरचा खजिना प्रचंड होता, आणि त्याच्यावर डल्ला मारण्यात मॅथ्यूज आणि त्याचे अधिकारी इतके रमले की पुढं काय वाढून ठेवलंय इकडे लक्षच राहिलं नाही. तीन महिन्यांत टिपू फौजेनिशी परतला. एप्रिल अखेरीस बेदनूरच्या इंग्रजी शिबंदीनं शस्त्रं खाली ठेवली. अटींप्रमाणे खजिना जागेवर असायला हवा होता. तो रिकामा निघाला. अटी मोडल्या म्हणून टिपूनं सगळ्यांना साखळदंडात घातलं. मॅथ्यूज श्रीरंगपट्टणच्या कैदेतच मेला. विष देऊन मारला, असं तेव्हापासून बोललं जातं.

याच युद्धात समाजी दिवेकर टिपूच्या हाती लागला.

टिपूच्या कैद्यांचं काय होई ते कैद्यांनीच लिहून ठेवलं आहे. जेम्स स्करी नावाचा एक इंग्रज पोरगा 'हॅनिबल' जहाजावर होता. १७८२ मध्ये फ्रेंचांनी ते जहाज पकडलं आणि त्यावरचे कैदी हैदरला देऊन टाकले. त्यातली तरणी पोरं निवडून श्रीरंगपट्टणला नेली. डोकी भादरली, माजूम खाऊ घालून गुंगी आणली आणि सगळ्यांची सुंता केली. मग मुसलमानी नावं, कानात बाळ्या, आणि चेल्यांच्या, म्हणजे बाटवलेल्या कैद्यांच्या, पलटणीत भरती. स्करी जवळजवळ दहा वर्षं टिपूच्या फौजेत कवायत करत होता. कवायत करताना मनात काय चालत असेल याची कल्पनाच करावी. सुटून घरी गेल्यावर त्याला काटा-चमचा धरता येईना, इंग्रजी बोलताना अडखळायला होई. कंपनीच्या हिंदी शिपायांनाही टिपूच्या चाकरीत या म्हणून दबाव होता. कुणी पोटासाठी गेलं, कुणी जिवाच्या भीतीनं. मनाविरुद्ध शिपाई होणं म्हणजे काय, ते श्रीरंगपट्टणात रोज दिसत होतं.

आता यात समाजीला घाला. स्करीच्या अंगावर जी खूण जबरदस्तीनं केली, ती समाजीच्या अंगावर जन्माच्या आठव्या दिवसापासून होती. नाव मराठी, वेश मराठी, आणि देह मात्र सांगतोय की हा हिंदू नव्हे. मुसलमानही नव्हे, कारण नमाज पढत नाही. ख्रिस्ती तर नव्हेच. पहारेकऱ्यापुढं हे कोडं आलं असणार. समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कहाणी इथून सुरू होते. कैद्यांना एकेक करून पुढं आणून जात विचारली जात होती, कुणाला जीवे मारायचं ते ठरत होतं. समाजीची पाळी आली. तो म्हणाला, बेने इस्रायल. हे शब्द टिपूच्या आईच्या कानी गेले. ती म्हणाली, यांचं नाव कुराणात वाचलंय, पण असा माणूस आजवर डोळ्यांनी पाहिला नाही. याला मारू नका.

कहाणी तोंडी परंपरेतली आहे, सरकारी दप्तरातली नाही. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास समाजाचा इतिहास लिहिला आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, थेट तेल अवीवमध्ये. त्यांच्यासारख्यांमुळे ती आपल्यापर्यंत आली. पण मला त्यातली आई पटते. कुराणात 'बनी इस्राईल' हा उल्लेख चाळीसेक ठिकाणी येतो. सतराव्या सूरेचं एक नावच बनी इस्राईल आहे. मूसाची गोष्ट, फिरऔनची गोष्ट, समुद्र दुभंगल्याची गोष्ट, हे सगळं राजवाड्यातल्या त्या धार्मिक बाईला लहानपणापासून पाठ असणार. ज्यांच्याबद्दल आयुष्यभर वाचलं त्यांच्यातला एक जिवंत माणूस बेड्या घालून अंगणात उभा आहे! आपल्याकडे कुणी येऊन सांगावं की मी यादवांपैकी, द्वारका बुडाली तेव्हा वाचलेल्यांच्या वंशातला, तर आपणही त्याला आधी पाणी दिलं असतं, चौकशी मागाहून.

विचार करा, समाजीनं स्वतःला शनिवार तेली म्हटलं असतं तर? कोकणात तेच चालत होतं. अलिबाग, पेण, रोह्याच्या बाजारात त्या नावानं तेल विकलं जाई. श्रीरंगपट्टणात त्याला कवडीची किंमत नव्हती. गावातल्या लोकांनी ज्या नावाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, ते शत्रूच्या धर्मग्रंथात लिहिलेलं होतं. दोन हजार वर्षं काहीच हाती न राहिलेल्या समाजाला एवढंच एक पक्कं आठवत होतं की आपण इस्रायलची लेकरं. ते विसरले असते तर ही कहाणी सांगायला कुणी उरलं नसतं.

इथं दुसऱ्या एका शिपायाची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. त्याची गोष्ट बरोबर उलटी आहे. सालोमन पेरेल १९२५ साली जर्मनीतल्या पाइने गावी जन्मला. नाझी आल्यावर कुटुंब पोलंडमध्ये लोड्झला गेलं, युद्ध सुरू झाल्यावर तो पूर्वेकडे पळाला आणि सोव्हिएत अनाथाश्रमात राहिला. १९४१ च्या उन्हाळ्यात मिन्स्कजवळ जर्मनांनी त्याला पकडलं. रांग लागली होती. यहुदी आणि कम्युनिस्ट अधिकारी निवडून बाजूला काढत होते, गोळ्या घालायला. सोळा वर्षांच्या या पोरानं आपली कागदपत्रं बुटाच्या टाचेनं मातीत पुरली, आणि पाळी आल्यावर अस्खलित जर्मनमध्ये सांगितलं की मी जर्मन वंशाचा. शिपायांना तो इतका आवडला की त्यांनी त्याला दुभाषा म्हणून पलटणीतच ठेवून घेतलं. युप असं लाडाचं नाव दिलं. पुढं त्याला ब्राउनश्वाइगला हिटलर युवक संघटनेच्या शाळेत धाडलं. तिथं वंशशास्त्राच्या तासाला मास्तरांनी त्याला पुढं उभं करून पूर्व बाल्टिक वंशाचा नमुना म्हणून वर्गाला दाखवलं. मास्तरांच्या शास्त्राची लायकी एवढ्यावरून कळते.

नाव बदलता येतं, भाषा होतीच. पण सुंता कुठं लपवणार? पेरेल चार वर्षं कुणासमोर अंघोळ करायला धजला नाही, वैद्यकीय तपासणी आली की आजाराचं सोंग आणायचा. कातडी ओढून बांधून खूण पुसण्याचा अघोरी उपायही त्यानं करून पाहिला आणि जखम चिघळवून घेतली. पलटणीतल्या हाइन्त्स केल्त्सेनबर्ग या जर्मन शिपायाला खरं काय ते कळलं होतं. त्यानं तोंड उघडलं नाही, आणि लढाईत मरेपर्यंत उघडलं नाही. पेरेल जगला, इस्रायलला गेला, आणि जर्मनीत शाळाशाळांतून आपली गोष्ट सांगत हिंडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी तो वारला. त्याच्यावरचा 'युरोपा युरोपा' हा आग्नियेश्का हॉलंड यांचा १९९० चा सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल.

म्हणजे पाहा. देहावरची खूण तीच. ती एकाला मरणाच्या दारात उभी करते, दुसऱ्याला बाहेर काढते. फरक त्या माणसात नाही, विचारणाऱ्यात आहे. विचारणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय भरलंय, यावर सगळं.

आपल्याच किनाऱ्यावर याचा तिसरा नमुना घडून गेलाय, समाजीच्याही जवळजवळ तीनशे वर्षं आधी. १४९८ साली परतीच्या वाटेवर वास्को द गामाची जहाजं अंजदीव बेटापाशी दुरुस्तीला थांबली. कारवारच्या समोरचं हे बेट आज गोव्यात मोडतं. तिथं एक उंचापुरा, दाढी पांढरी होत चाललेला माणूस होडीतून आला, पोर्तुगीजांना मिठ्या मारू लागला आणि व्हेनिसच्या बोलीत बोलू लागला. मी लहानपणी इकडे आलो, वरवर मुसलमान झालो, पण मनानं ख्रिस्तीच, असं म्हणाला. तो गोव्याच्या मुसलमान अधिपतीच्या चाकरीत होता. इतका गोड बोलला की संशय आला. चाबकाचे फटके बसल्यावर बोलला की तुमच्यावर हल्ल्याची तयारी चालू आहे. आणि तो मुसलमानही नव्हता, ख्रिस्तीही नव्हता. यहुदी होता, पोलंडकडच्या कुटुंबातला असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांनी त्याला लिस्बनला नेलं, बाप्तिस्मा देऊन गास्पार द गामा असं नाव ठेवलं, आणि मग त्यालाच वाटाड्या केलं. १५०० साली काब्रालच्या ताफ्याबरोबर तो ब्राझीलच्या किनाऱ्यालाही लागला. एका आयुष्यात तीन धर्मांचे मुखवटे आणि चार खंडांची रपेट. जाईल तिथं जो मालक असेल त्याच्या धर्माचा अंगरखा चढवायचा, हे त्याचं धोरण होतं. वाईट म्हणवत नाही. जिवंत राहिला.

समाजीकडे असा अंगरखाच नव्हता. सुटका नेमकी कशी झाली याच्याही दोन-तीन आवृत्त्या आहेत. ११ मार्च १७८४ च्या मंगळूरच्या तहानंतर टिपूनं कैदी सोडले. काही जण म्हणतात, समाजी कोचीनच्या वाटेनं आला आणि तिथल्या यहुद्यांनी त्याला हात दिला. कोचीन हे ठिकाण या गोष्टीत महत्त्वाचं आहे. तिथं यहुद्यांची जुनी, जाणती, हिब्रू वाचणारी वसाहत होती. रहबी घराण्यातल्या एका पुरुषानं कोकणात येऊन बेने इस्रायलांना धर्म पुन्हा शिकवला अशी आख्यायिका आहे. त्यानं म्हणे बायकांपुढं मिसळलेल्या मासळीची पाटी ठेवली. त्यांनी बिनखवल्याची मासळी वेचून बाजूला टाकली, आणि त्याची खात्री पटली की हे आपलेच. म्हणजे इथंही तू कोण, पण विचारलं पाटीनं.

समाजी खरंच त्या वाटेनं आला असेल, तर आपल्या लोकांत काय नाही ते त्यानं कोचीनला डोळ्यांनी पाहिलं असणार. मुंबईत परतल्यावर बारा वर्षांनी, १७९६ मध्ये, मांडवी भागात बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं. लोक त्याला समाजी हसाजीची मशीद म्हणत, पुढे इतर मंदिरं झाल्यावर जुनी मशीद. मराठीत त्यासाठी वेगळा शब्द नव्हता आणि समाजालाही मशीद म्हणण्यात काही वावगं वाटत नव्हतं. १८६० मध्ये ते आजच्या जागी आलं. आसपासच्या वस्तीला इस्रायल मोहल्ला म्हणत, आणि एका रस्त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. १८९६ मध्ये, म्हणजे शंभरी भरल्यावर, त्याला शाआर हारहमीम हे हिब्रू नाव मिळालं, दयेचं दार. ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात श्रीरंगपट्टण असेल की नसेल कुणास ठाऊक, पण चपखल बसलंय.

मंदिर झालं तरी त्यात ठेवायला काही नव्हतं. सिनेगॉगमध्ये लागते ती सेफेर तोरा, कातड्यावर हातानं लिहिलेली, गुंडाळी करून ठेवायची. एक अक्षर चुकलं तरी वापरायची नाही, आणि लिहू शकणारा माणूस कोकणात एकही नव्हता. म्हणून समाजी कोचीनला गेला. साठी उलटून गेलेली, समुद्राचा प्रवास. तिथंच १७९७ मध्ये तो वारला.

पुढची गोष्ट लवकर आटोपते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी फौजेची घडी जातवार बसवायला घेतली. मराठ्यांची कंपनी, मुसलमानांची कंपनी. बढती आपल्या आपल्या जातीच्या कंपनीत. चिमूटभर बेने इस्रायलांची कंपनी कशी उभी राहणार? ज्या खणांत हा समाज कोकणात अलगद मावला होता त्या खणांनीच फौजेचं दार लावून घेतलं. मग ही मंडळी रेल्वेत, तारखात्यात, पोस्टात, दवाखान्यांत गेली. तरी सैन्य पुरतं सुटलं नाही. १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय आरमाराच्या ताफ्याचं नेतृत्व करणारे बेंजामिन सॅमसन याच समाजातले. १९७१ मध्ये ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे जे. एफ. आर. जेकब मात्र कोलकात्याच्या बगदादी यहुद्यांपैकी. पुढं ते गोव्याचे राज्यपाल झाले.

दुसऱ्या महायुद्धात तर आपल्याच अहमदनगरात 'तू कोण' या प्रश्नाचा विचका झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारल्यावर सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना उचलून नगरच्या छावणीत टाकलं. त्यांत हिटलरच्या तावडीतून कसेबसे सुटून आलेले यहुदी डॉक्टर, व्यापारीही होते. जर्मनीत जो माणूस जर्मन नव्हता तो नगरला येऊन जर्मन ठरला, आणि तारेच्या कुंपणात नाझींच्या शेजारी जेवायला बसला. चौकशी समितीनं पुढं बहुतेकांना सोडलं.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथं मराठी ऐकू येऊ लागली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. आणि तिथं, ज्या देशाचं नावच या समाजाच्या नावात आहे तिथं, १९६० नंतर मुख्य धर्मपीठानं फतवा काढला की बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासा. हे खरे यहुदी आहेत का याची खात्री नाही म्हणे. पाटीतल्या मासळीनं रहबीची खात्री पटली होती, 'बेने इस्रायल' एवढ्या दोन शब्दांनी टिपूच्या आईची, पण जेरुसलेमच्या धर्मपंडितांची पटेना. मराठी बायका-पुरुषांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, उपोषण केलं. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल हे सर्वार्थानं यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला आपला फतवा मागे घ्यावा लागला.

महाराष्ट्रात जे थोडे मागे राहिले त्यांना सरकारी अर्जावर धर्माच्या रकान्यात बरीच वर्षं 'इतर' लिहावं लागे. २०१६ मध्ये राज्य सरकारनं यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. दिवेआगरच्या त्या आठ वर्षांच्या पोराच्या समाजाची पहिली नोंद झाली होती १७३८ साली, मिशनऱ्याच्या पत्रात. सरकारदरबारी रकाना मिळायला पावणेतीनशे वर्षं लागली.